दुपारची लाईन

चष्मा कपाळावर सरकला की काका सल्ला देणार, आणि तोच चष्मा नाकावर उतरला की सल्ला मागणार, हे आमच्या बिल्डिंगमध्ये लहान पोरांनाही माहीत होतं. दोन्ही वेळा वाक्य एकच. "मॅडम, एक घ्या, एक द्या." फुकटचा सल्ला त्यांना देववत नसे आणि घेववतही नसे.

असं एखादं माणूस तुमच्याही जिन्यात असेल. शेगडीची ज्योत पिवळी का झाली, फोन गरम का होतो, नळाला हात लावला की झिणझिण्या का येतात, असं काही झालं की आपण त्याच्या दारावर टकटक करतो. आमच्या काकांची गंमत अशी, की त्यांच्याकडून परत येताना माणूस जाताना होता त्याहून जास्त गोंधळलेला असायचा. या बाबतीत माझं डोकं आधीच कच्चं. त्यात काका म्हणत, "एक काम करा," मग बोट वर करून थांबत आणि म्हणत, "नाही, ते नका करू. ते केलं तर वेगळंच होते." वेगळं म्हणजे काय, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका गल्लीत आमची तीन मजली इमारत. मधल्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एका घरात आम्ही, दुसऱ्यात काका आणि काकू. काका खापरखेड्याच्या थर्मलमधून, म्हणजे तिथल्या वीज केंद्रातून, रिटायर झालेले. काकू रामटेककडच्या. एकच मुलगी, ती लग्न होऊन बंगलोरला. मी सकाळच्या शाळेत शिकवते, म्हणून दुपारभर घरी असते. दुपारी सारी बिल्डिंग झोपलेली किंवा ऑफिसात, त्यामुळे काकांची देवाणघेवाण जास्त करून माझ्याशीच चाले.

ओळख झाली ती मिक्सरवरून. चटणी वाटता वाटता तो बंद पडला. मी तो काखेत मारून दुरुस्तीला निघाले, तर जिन्यात काका उभे. चष्मा वर गेला. म्हणाले, उलटा करा. मी तिथेच पायरीवर बसून मिक्सर उलटा केला. बुडाशी एक लाल बटण होतं, ते काकांनी अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाले, जा, चालेल. चालला. इतकी वर्षं तो मिक्सर वापरला, पण त्याला खालून बटण आहे हे मला माहीत नव्हतं. मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. तेवढ्यात काकांचा चष्मा खाली आला. "आता एक द्या. फोनमधले अक्षरं मोठे कसे करायचे?"

मी करून दिली. जरा जास्तच मोठी झाली. एका वेळी पडद्यावर एकच शब्द मावू लागला. काका दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी जिन्यात थांबवून म्हणाले, "मॅडम, मुलीनं लिहिलं होतं की ती येत नाही. मले 'येत'पर्यंत वाचून इतका आनंद झाला." मला हसावं की माफी मागावी कळेना. दोन्ही केलं.

फ्रिजच्या वासाचं प्रकरण तर अजून माझ्या डोक्यातून सुटलेलं नाही. काका म्हणाले, वाटीत कोळसा ठेवा. मी इस्त्रीवाल्याच्या हातापाया पडून कोळसा मिळवला. संध्याकाळी म्हणाले, खायचा सोडा ठेवला तरी चालते. मी सोडाही ठेवला. सकाळी चष्मा वर करून चांगले गंभीर झाले आणि म्हणाले, दोन्ही ठेवले? मग ते एकमेकांचा जोर मारून टाकतात. मी वैतागून कोळसा काढला, सोडा काढला, आणि वास गेला. आता तुम्हीच सांगा, कशानं गेला? आमचे हे म्हणतात की त्यांनी आतली जुनी कढी त्याच दिवशी फेकली होती. काका मात्र शेवटपर्यंत कोळशालाच मानत.

काकू या देवाणघेवाणीत नसायच्या. त्यांना कमी ऐकू यायचं. कानात घालायचं मशीन मुलीनं चांगलं महागाचं घेऊन दिलं होतं, पण ते बहुतेक वेळ एका छोट्या डबीत आणि डबी टीव्हीपाशी. काकू हसून मान हलवत. आपण काहीही म्हटलं तरी तशीच मान हलवत, त्यामुळे हळूहळू लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. हात हलवायचे आणि पुढे जायचे. मीही तेच करी.

त्या उन्हाळ्यात काकांच्या घरची लाईन जाऊ लागली. आमच्याकडे 'वीज' जात नाही, 'लाईन' जाते. एप्रिल लागला, खिडक्यांना कूलर लागले, गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंनी नुसती घरघर. अशात दुपारची जेवणं आटोपली की काका दार उघडून जिन्यात येत. बनियन घामानं ओलं, डोक्यावर भिजवलेला पंचा. विचारत, मॅडम, तुमच्याकडे लाईन आहे काय? मी म्हणे, आहे ना काका. माझ्यामागे आमचा कूलर धडधडत असायचा, त्याचं वारं दारापर्यंत येई, ते त्यांच्या पंच्यालाही लागत असणार. तरी काका घरात वळून, खुर्चीतल्या काकूंना दोन्ही हात हलवून खुणेनं सांगत की मॅडमकडचीही गेली, साऱ्यांचीच गेली. आणि दार लावून घेत.

मी आपली दारात उभी. मला वाटलं, काकूंचं बघून काकांचेही कान गेले.

रोज तेच. तासाभरानं लाईन यायची. बिल्डिंगमध्ये बातमी पसरली आणि सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. इतके दिवस काकांकडून घेतलेले सारे सल्ले लोकांना परत करायचे होते. खालच्या मजल्यावरचे म्हणाले, तुमचा फेज जातो. वरचे म्हणाले, इन्व्हर्टर घ्या. काका त्यांना म्हणाले, जन्मभर इथूनतिथून लाईन पाठवली, आता डब्यात भरून ठेवू काय? आमच्या ह्यांना खात्री होती की मीटरपासची वायर सैल झाली आहे. काका सगळ्यांचं नीट ऐकून घेत, प्रत्येकाला बदल्यात एक सल्ला देत, आणि करत काहीच नसत. शेवटी आमचे हे एका संध्याकाळी वायरमनला धरून घेऊन आले. त्यानं जिन्याखालचं मीटर पाहिलं, घरातले बोर्ड उघडून पाहिले आणि म्हणाला की सगळं टाइट आहे, कुठेच काही नाही. काकांनी त्याला चहा पाजला आणि त्याची मोटरसायकल सकाळी लवकर चालू व्हावी म्हणून काय करायचं ते सांगितलं. मग म्हणाले, नाही, ते नका करू. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईन गेली.

सगळ्यांना हसू यायचं, आणि वाईटही वाटायचं. थर्मलमध्ये केस पांढरे केलेल्या माणसाच्याच घरी लाईन टिकू नये, हे काय प्रकरण आहे, कुणालाच उमगेना.

एक दिवस मला शाळेतून यायला उशीर झाला. गाडी लावली आणि जिन्याशी आले, तर काका टाचा उंचावून मीटरच्या पेटीत हात घालून उभे. खट् असा आवाज आला. त्यांनी स्वतःच्या घराचा मेन स्विच खाली ओढला होता.

"काका, हे काय?"

दचकले बिचारे. चष्मा ना वर गेला ना खाली आला, त्यांनी तो काढून हातात घेतला. "हळू बोला," म्हणाले. मग स्वतःच ओशाळून हसले. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना ढोल वाजवला तरी ऐकू येणार नव्हतं.

पायरीवर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. मशीन कानात असलं की कूलरचा आवाज काकूंच्या डोक्यात शिरे. थर्मलमध्ये कोळसा दळायच्या गिरण्या असतात, तसा आवाज होतो म्हणे. म्हणून कूलर लागला की मशीन डबीत. मग टीव्हीसमोर नुसतं चित्र बघत बसायचं. कानाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की मशीन रोज घातलं नाही, माणसाशी बोलणं ठेवलं नाही, तर शब्द ओळखायची सवयच जाईल, मग मशीन असूनही उपयोग नाही. तेव्हा कूलर बंद करावा, एवढी साधी गोष्ट. पण काकांना बीपी. काकू कूलरला हात लावू देत नसत.

"म्हणते, जन्मभर बॉयलरपाशी भाजले, आता तरी गारव्यात बसा," काका म्हणाले. "आणि मले तिचा आवाज ऐकून चार-चार दिवस होतात, मॅडम."

लाईन गेली की मात्र काकूंचा इलाज चालत नसे. कूलर नाही, टीव्ही नाही. मग त्या आपणहून डबी उघडत.

काकांनी चष्मा नाकावर चढवला. "यावर एक द्या."

मी काय देणार कप्पाळ! एसी घ्या म्हटलं. ते झालं होतं, एसीत काकूंचे गुडघे धरत, दोन दिवसांत तो परत गेला. मग मला आठवलं की अशी मशिनं फोनला जोडता येतात आणि फोनवरून आजूबाजूचा गोंगाट कमी करता येतो. मी मोठ्या ऐटीत काकूंचं मशीन घेतलं आणि जोडायला बसले. अर्धी दुपार गेली. शेवटी जोडलं गेलं, पण काकांच्या फोनला नाही, माझ्याच. ते माझ्या लक्षात आलं नाही. मी घरी येऊन शाळेच्या ग्रुपवरचा आवाजी निरोप लावला, मला काहीच ऐकू येईना, आणि समोरच्या घरात काकू ताडकन उभ्या राहिल्या. आमच्या मुख्याध्यापिका त्यांच्या कानात ओरडत होत्या की पेपर तपासून झाले नाहीत तर सुटी मिळणार नाही. काकू काकांना म्हणाल्या, "कोण बाई जी ही? कोणाची सुटी बंद करून राहिली?" ते सगळं निस्तरलं, मशीन काकांच्या फोनला जोडलं, गोंगाटही कमी केला. तेव्हा काकू म्हणाल्या की आता सारे विहिरीतून बोलल्यासारखे वाटतात. आम्ही होतं तसं करून ठेवलं.

"जाऊ द्या मॅडम," काका म्हणाले. "तुम्ही फक्त एक करा. कोणी विचारलं तर सांगा, लाईन गेलती."

पुढे अधूनमधून मी त्या दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. काका आधीच बजावत, येताना तुमचा कूलर बंद करून या. खोलीत भट्टी पेटलेली. आम्ही तिघं घामाच्या धारा पुसत बसायचो, आणि काकू बोलायच्या. बाप्पा, काय बोलायच्या! ज्या बाईला मी इतकी वर्षं नुसती मान हलवताना पाहिलं, ती बाई एका जागी बसून साऱ्या गावाच्या नकला करी. काका त्यांना बघायला आले तेव्हाची गोष्ट तर मी तीनदा ऐकली. मुलगी बघायची सोडून पाव्हण्यानं अंगणातला हातपंप बघितला आणि वडलांना सल्ला दिला. "चांगला चालता पंप उघडला यांनी," काकू म्हणत. "आजवर नाही चालला. बाबा म्हणाले, याले पोरगी देऊन टाका, नाहीतर हा उद्या विहीर पाहायले येईन." काका हसून हसून लाल. सगळ्या बिल्डिंगला सल्ले देणारा माणूस त्या तासाभरात एक सल्ला देत नसे. नुसता ऐके. मध्येच काकू वैतागून विचारत की हे लोक नेमकी दुपारीच लाईन काहून नेतात, आणि काका मोठ्या अधिकारानं सांगत, लोड असते. मी खाली मान घालून पंचाईत झाल्यासारखी बसे.

मला ते सगळं फार आवडे आणि फार भीतीही वाटे. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, बंद खोली, त्यांचं बीपी. एकदा मी त्यांना जिन्यात गाठून स्पष्ट म्हटलं, काका, हे जिवावर बेतेल, आता पुरे करा.

"मॅडम, हे एक परत घ्या," काका म्हणाले. मी दिलेला तेवढा एकच सल्ला त्यांनी नाकारला.

जिवावर काही बेतलं नाही. उन्हाळा सरला, कूलर झाकले गेले, दुपारची लाईन आपोआप सुधारली. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला वाटलं की आपल्याच सल्ल्यानं सुधारली. मग थंडीत, काही ध्यानीमनी नसताना, काका सकाळचा चहा पिता पिता गेले. मी खूप रडले. समोरच्या दारातल्या माणसासाठी इतकं रडू यावं, हे माझं मलाच नवल वाटलं. आमचे हे म्हणाले, घरचंच माणूस होतं. होतंच.

मुलगी आली. काकूंना बंगलोरला चल म्हणाली. काकू नाही म्हणाल्या. मग मुलीनं सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाला बाई लावली, आणि उन्हाळा यायच्या आत आईला त्रास नको म्हणून पहिल्यापेक्षा मोठा कूलर खिडकीला बसवून घेतला. तिचा मला अधूनमधून फोन येई. मागच्या वर्षी बाबांकडे फार लाईन जायची ना, यंदा बरी आहे का? मी सांगे, बरी आहे, एकदाही गेली नाही. खरं सांगावं का तिला? सांगून काय करावं? आईला उकाड्यात बसव म्हणावं? माझ्या डोक्यात काही म्हणता काही जुळेना, आणि मी फोन ठेवून देई.

काकूंचं दार उघडं असे. आत मोठा कूलर धोधो चाललेला, काकू टीव्हीसमोर, डबी बंद. मी हात हलवी, त्या मान हलवत. स्वयंपाकाची बाई म्हणायची, आजी मुक्याच झाल्या जी. मी एकदोनदा जाऊन बसले. काही बोलले की त्या कूलरकडे बोट दाखवून हसत. तो बंद करू का, असं मी खुणेनं विचारलं, तर त्यांनी घाईघाईनं हात हलवून नको म्हटलं. पोरीनं एवढा पैसा घालून बसवलेला.

मे महिन्यात एका दुपारी माझं दार वाजलं. काकू उभ्या होत्या. कानात मशीन नव्हतं. माझ्यामागे माझा कूलर धडधडत होता.

"एक विचारू वं?" त्या म्हणाल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. बारीक झाला होता. "मागच्या साली रोज दुपारी लाईन जाये. यंदा काहून जात नाही?"

यांना माहीत आहे? माहीत नाही? माहीत असेल तर मला काहून विचारताहेत, आणि माहीत नसेल तर मी काय सांगू? लोड कमी असेल, मी म्हणाले. त्यांनी हात कानामागे धरला. मी ओरडून म्हणाले, लोड कमी असेल. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली. ती जुनीच मान, आपण काहीही म्हटलं तरी हलवायची ती. मग वळल्या आणि आत जाऊन आपल्या खुर्चीत बसल्या.

मी तशीच चपला न घालता जिना उतरले. जिन्याखालच्या पेटीला मी आयुष्यात हात लावला नव्हता. सहा स्विच एका ओळीत, त्यांवरचे नंबर पुसटलेले. आमचा कोणता, त्यांचा कोणता? कुणाचा कूलर, कुणाचा फ्रिज बंद पाडीन, देव जाणे. काकांचा हात कुठे होता ते आठवून बघितलं, डोळे मिटले आणि ओढला.

धापा टाकत वर आले. काकूंच्या घरातला आवाज थांबला होता, कूलरचा पंखा हळूहळू फिरून उभा राहत होता. काकू त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. पंखा पूर्ण थांबला तशी त्यांनी टीव्हीपासची डबी घेतली, उघडली, मशीन काढून कानात बसवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"लाईन गेली, काकू," मी म्हणाले.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "ते दार लोट वं आधी, तुझा कूलर लई आवाज करून राहिला. मग बस."

मी दार लोटलं आणि बसले.